मॉरिस मायनरची बॅटरी सारखी का उतरते : दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

आज पुन्हा तेच. सेल्फचा नॉब ओढला, इंजिनाने एक अर्धवट गिरकी घेतली आणि थांबलं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंप टिकटिकतो, त्याची टिकटिकही आज झोपाळू. जुलैपासूनची ही तिसरी वेळ. आता जे करीन ते वहीत लिहून करायचं, म्हणून ही नोंद.

गाडी अण्णांची. मॉरिस मायनर सिरीज टू, १९५३ची, ८०३ सीसी, पुढची काच मधोमध दुभागलेली. एप्रिलमध्ये सगळी सोलून रंगवून घेतली. त्याआधी वर्षभर बॅटरीने कधी त्रास दिला नव्हता. रंगाचा आणि बॅटरीचा काय संबंध, असं मी स्वतःला तीन महिने सांगत आले आहे.

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, मार्चमध्ये घेतलेली, झाकणं उघडून पाणी घालायची साधी. व्होल्टेज ११.६. म्हणजे जवळजवळ रिकामी. काढून घरात आणली आणि ३ अँपिअरवर रात्रभर चार्जिंगला लावली.

काढताना एक काळजी. या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जातो, निगेटिव्ह नाही. आजच्या सगळ्या गाड्यांच्या उलट. अर्थची वायर आधी सोडायची हा नियम तोच, फक्त इथे ती जाड खुंटीवरची असते. अण्णांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने ‘+ बॉडीला’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. रंगकाम करताना तेही गेलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

चार्जर काढून बारा तास झाल्यावर १२.७, म्हणजे भरलेली. बॅटरीच्या दुकानात नेली. तिथल्या मुलाने खुंट्यांवर टेस्टर लावायच्या आधीच निकाल दिला: ‘ताई, सेल गेलाय आतला. बदलून टाका. जुनी परत घेतो.’

म्हटलं, ग्रॅव्हिटी (आतल्या अ‍ॅसिडची घनता) बघ. त्याने नाइलाजाने हायड्रोमीटर काढला. सहाही सेल १२३० ते १२४०. सेल गेला असता तर तो एकटा खाली लोंबला असता, बाकीचे पाच वर. सगळे एका पातळीत म्हणजे बॅटरी ठीक, फक्त तिला कुणी जेवायला वाढत नाही. पण हे मी आत्ता घरी बसून शहाणपणाने लिहिते आहे. दुकानात माझाही विश्वास डळमळला होता आणि नवीन बॅटरीचा भाव विचारून आले.

बुधवार, १८ सप्टेंबर

काल विसर्जन. मिरवणूक आज सकाळीही चालूच, रस्ते बंद. बॅटरी आणायला जाणार होते, तर आई म्हणाली, ‘आजपासून पितृपक्ष. नवीन वस्तू आत्ता आणायची नाही. आणि ती पण अण्णांच्या गाडीला!’

वाद घातला नाही. दोन ऑक्टोबरपर्यंत खरेदी बंद, म्हणजे दोन आठवडे आहे त्या बॅटरीवर शोध घ्यायला मिळाले. आईने माझे हजारो रुपये वाचवले, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

पहिला प्रश्न: बॅटरी उभ्या गाडीत उतरते की चालत्या? हे दोन वेगळे आजार आहेत आणि बहुतेक जण दोन्हींवर एकच औषध देतात.

उभ्या गाडीची तपासणी सोपी. किल्ली बंद, दिवे बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि ती वायर आणि खुंटी यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावला. (असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मीटर तरी जातो नाहीतर त्याचा फ्यूज.) आकडा ०.००. रेंज खाली आणली, तरी काही नाही. या गाडीत रेडिओ नाही, घड्याळ नाही, अलार्म नाही. चोरून प्यायला कुणीच नाही.

तरी खात्री म्हणून बॅटरी जोडून गाडी तशीच उभी ठेवली आहे. बुधवारी बघू.

बुधवार, २५ सप्टेंबर

चार दिवसांनी १२.६. म्हणजे उभ्या गाडीत गळती नाही. चालताना उतरते.

हिशोब मांडला. इग्निशन कॉइल एकटी साधारण ३ अँपिअर खाते. पंप आणि वायपर धरा. रात्री हेडलाइट लावले की आणखी सातएक अँपिअर. चार्जिंग शून्य असेल तर भरलेल्या बॅटरीवर गाडी दिवसा आठनऊ तास चालेल. आमची फेरी दर रविवारी तासभर, मधे चारसहा वेळा सेल्फ, परतताना कधी दिवे. पाचसहा रविवारांत खेळ खलास. जुलैपासूनच्या तारखा पाहिल्या तर अगदी तसंच झालेलं आहे.

पण मग डॅशवरचा लाल दिवा? डायनॅमो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) चार्ज करत नसेल तर तो लाल दिवा पेटून राहतो. माझा तर कधीच पेटत नाही! म्हणून तर मी तीन महिने निर्धास्त होते.

रात्री जेवताना लक्षात आलं आणि घास हातात राहिला. तो कधीच पेटत नाही. इंजिन बंद, किल्ली चालू, तेव्हा तरी तो पेटायला हवा.

खाली जाऊन किल्ली फिरवली. अंधार.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दिव्याचा बल्ब काढला. तार तुटलेली. दोन-सव्वादोन वॉटचा छोटा आट्यांचा बल्ब. तो येईपर्यंत तात्पुरता टेस्ट लॅम्प जोडला. किल्लीवर पेटला. इंजिन चालू केलं, पेटलेलाच. रेस केली, पेटलेलाच. बॅटरीच्या खुंट्यांवर १२.३, रेस केल्यावर १२.२. चढायच्या ऐवजी उतरतंय. चार्जिंग शून्य, हे आता लेखी.

अल्टरनेटरच्या बऱ्याच गाड्यांत हा बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू होत नाही, कारण सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जातो. डायनॅमोचं तसं नसतं. त्याच्या लोखंडात आधीच्या खेपेची थोडी चुंबकशक्ती उरलेली असते, तिच्यावर तो स्वतःच उभा राहतो. म्हणजे बल्ब जाणं हे कारण नव्हतं, फक्त साक्षीदार मेला होता. (ही उरलेली चुंबकशक्ती पुढे माझ्यावरच उलटणार होती, पण ते नंतर.)

शनिवार, २८ सप्टेंबर

सकाळी आधी स्वस्तातल्या गोष्टी.

डायनॅमो फिरवणारा पट्टा: दोन पुलींच्या मधे बोटाने दाबला तर इंचभर आत जात होता. अर्धा इंच पुरे. ताणला.

अर्थ: सेल्फ मारताना बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी आणि बॉडी यांच्यात ०.२ व्होल्ट. ठीक. तीच खुंटी आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात १.२! म्हणजे बॉडी ते इंजिन या वाटेवर एक व्होल्ट जिरतोय. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारा तांब्याचा विणलेला पट्टा असतो. तो शोधला. रंगवाल्यांनी बॉडी छान पिस्ता रंगात रंगवली आणि त्या रंगावरच पट्ट्याचा बोल्ट आवळला. वॉशरखाली गुळगुळीत, चकचकीत, उत्तम प्रतीचा इन्शुलेटर. करंट बिचारा बोल्टच्या आट्यांमधून वाट काढत होता.

रंग खरवडला, पॉलिश पेपरने पत्रा पांढरा केला, पट्ट्याचे थिंबल घासले, दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून ग्रीस. आता १.२ चे ०.३ झाले. सेल्फचा आवाजच बदलला, जणू कुणी गाडीच्या पाठीवरून पोतं उतरवलं.

रंगाचा आणि बॅटरीचा संबंध होता तर. पण चार्जिंग अजून शून्यच.

दुपारी डायनॅमो. हा ल्युकासचा आहे, त्याला दोन टर्मिनल: मोठं ‘डी’, छोटं ‘एफ’. दोन्ही वायरी काढल्या (पिवळी आणि पिवळी-हिरवी, सत्तर वर्षांनी दोन्ही चहाच्या रंगाच्या, म्हणून आधी चिठ्ठ्या बांधल्या). डी आणि एफ एका तारेने एकत्र केले आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर. इंजिन हळूहळू वाढवायचं. डायनॅमो चांगला असेल तर काटा झरझर चढतो, वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. रेग्युलेटर (व्होल्टेजवर लगाम ठेवणारा) बाजूला काढलेला असतो, म्हणून डायनॅमो काय तो एकटा बोलतो.

काटा चढून चढून ०.७ वर बसला.

हा आकडा बोलका असतो. काहीच न दिसणं म्हणजे कार्बन (फिरत्या भागावर टेकून वीज बाहेर घेणारे तुकडे) बघा. चारपाच व्होल्ट म्हणजे आर्मेचर, आतला फिरणारा भाग. अर्धा ते एक व्होल्ट म्हणजे फील्ड, त्याच्याभोवतीची स्थिर कॉइल. फील्ड कॉइलचा रोध मोजला. हवा ६ ओहमच्या आसपास, दाखवतोय अनंत. टर्मिनलच्या मागची वायर हलवली तर क्षणभर ६.२ दिसलं आणि गेलं. आतमध्ये कुठेतरी टोकाशी तुटली आहे. बरं झालं, अख्खी कॉइल जळालेली नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

नाना पेठ. डायनॅमो कापडी पिशवीत घालून बसने नेला. पाचसहा दुकानांत ‘अल्टरनेटर टाका ताई, कटकट जाईल’ हा सल्ला फुकट मिळाला. शेवटी एका बोळात एक म्हातारे चाचा भेटले. पिशवीतून डायनॅमो बाहेर काढला तर हसले, जुना मित्र भेटल्यासारखे.

दोन लांब बोल्ट काढून त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. मी मुद्दाम स्टूल ओढून बसले. फील्ड कॉइलचं टोक जिथे एफ टर्मिनलला डाग देऊन जोडलेलं असतं, तिथेच तार पिचून तुटलेली. भोवतीची कापडी टेप काळी, हात लावला की भुगा. चाचांनी नवीन तुकडा जोडून डाग दिला, स्लीव्ह चढवली, पिवळी एम्पायर टेप गुंडाळून दोऱ्याने बांधली. गाठ दातांनी ओढून आवळली.

मग कार्बन. ६ मिलिमीटर उरलेले. सातच्या खाली गेले की बदलायचे. या मापाचे मिळत नाहीत. चाचांनी डब्यातून मोठे कार्बन काढले, कानशीने मापात आणले, कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) पॉलिश पेपर उलटा गुंडाळून त्यावर घासून त्यांचं तोंड गोल केलं. काळी पावडर त्यांच्या पांढऱ्या मिशीवर.

कम्युटेटरवर कार्बनने खाच पाडली होती. शेजारच्या लेथवर अगदी हलकं टर्निंग. त्यानंतरचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक असतो. टर्निंगनंतर तो तांब्याच्या पातळीत येतो, आणि अभ्रक तांब्यापेक्षा कडक, म्हणून पुढे तो उंच राहून कार्बनला उडवतो. तो प्रत्येक फटीतून साधारण ०.८ मिलिमीटर खोल कोरून काढावा लागतो. चाचांकडे त्यासाठी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा होता, दोन्ही बाजूंनी घासून फटीइतका पातळ केलेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आर्मेचर मांडीवर घेऊन, एकेक फट, एकेक ओढ. मधे चहा आला तेव्हा कोणती फट झाली ते विसरू नये म्हणून तिथे खडूची रेघ मारली.

जोडून झाल्यावर त्यांनी डी-एफ एकत्र करून दुकानातल्या बॅटरीवर लावला. डायनॅमो मोटरसारखा गरगर फिरला. ‘बघ बेटा, पास.’ मी खूश. सातशे रुपये.

बुधवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. डायनॅमो बसवला, नवीन बल्ब लावला, वायरी जोडल्या. किल्ली फिरवली, लाल दिवा पेटला. शाब्बास. इंजिन चालू केलं.

दिवा विझायच्या ऐवजी भडकला. जरा रेस केली तर आणखी भडक, जवळजवळ पांढरा.

किल्ली बंद. पाच सेकंदही झाली नसतील. हात थरथरत होते, कारण काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

चाचांच्या दुकानातली बॅटरी सगळ्या जगासारखी, निगेटिव्ह बॉडीला धरून लावलेली. मोटरसारखा फिरवताना फील्डमधून करंट उलट्या दिशेने गेला आणि लोखंडात उरलेली चुंबकशक्ती उलटी झाली. आता डायनॅमो निगेटिव्ह अर्थचा झाला होता आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची. दिव्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला डायनॅमो. एरवी दोघं एकमेकांना तोलतात, म्हणून दिवा विझतो. इथे दोघांची बेरीज झाली. वेग वाढून कटआऊटचे (डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट मिटले असते तर दोन वीजस्रोत समोरासमोर शॉर्ट होऊन पॉइंट तिथेच चिकटले असते.

दोष चाचांचा नाही. मी स्टूलवर बसून पाहत होते. त्यांना सांगायला हवं होतं आणि ते जमलं नाही तर बसवण्याआधी फ्लॅश करायला, म्हणजे बॅटरीचा क्षणभर झटका देऊन चुंबकशक्ती सरळ करून घ्यायला हवं होतं. बॅटरीच्या दुकानातल्या मुलाला हसणारी मी!

खात्री करून घेतली. डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, इंजिन मंद, डी ते बॉडी: बॉडीच्या मानाने डी पॉझिटिव्ह, दीड व्होल्ट. हवं निगेटिव्ह.

उपाय दोन सेकंदांचा. इंजिन बंद. एफची वायर डायनॅमोपासून सुटीच. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून एक लांब वायर घेतली आणि तिचं टोक एफ टर्मिनलला नुसतं टेकवून काढलं. चट्, निळी ठिणगी. पुन्हा एकदा. झालं. डी आता निगेटिव्ह दाखवू लागला. डी-एफ एकत्र करून पुन्हा ती पहिली चाचणी: काटा सरसर अठरापर्यंत गेला आणि मी पाय काढला.

वायरी जोडल्या, इंजिन चालू. दिवा पेटला, रेस केल्यावर मंदावला, विझला. बॉनेट उघडं टाकून तशीच उभी राहिले थोडा वेळ.

शनिवार, ५ ऑक्टोबर

चार्ज होतंय, पण कमी. चांगली रेस करूनही बॅटरीवर १३.१ च्या वर जात नाही. आता रेग्युलेटर, म्हणजे बोळातल्या भाषेत सगळा मिळून ‘कटआऊट’. खरं तर त्या डब्यात दोन गुंडाळ्या असतात: एक कटआऊट, जो डायनॅमोला बॅटरीशी जोडतो आणि तोडतो, आणि दुसरा रेग्युलेटर, जो व्होल्टेजवर लगाम ठेवतो.

आधी पॉइंट. रेग्युलेटरचे काळे पडलेले होते, बारीक कार्बोरंडमने घासले. कटआऊटचे पॉइंट मऊ असतात, त्यांना कार्बोरंडम किंवा एमरी लावायची नाही, बारीक काचपेपरची पट्टी फक्त मधून ओढायची. दोन्ही स्पिरिटने पुसले.

मग सेटिंग. डब्यावरच्या ‘ए’ आणि ‘ए-वन’ टर्मिनलच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि टेप लावली (त्या थेट बॅटरीच्या, मधे फ्यूज नाही, बॉडीला लागल्या तर आतषबाजी). व्होल्टमीटर डी आणि ई (अर्थ) यांच्यात. इथे डिजिटल मीटर कामाचा नाही. पॉइंटच्या ठिणग्यांनी त्याचे आकडे वेड्यासारखे नाचतात. अण्णांचा काट्याचा मल्टीमीटर काढला, नाशिकच्या मोटवानेचा. लाल पिन बॉडीला, काळी डीला. हात दर वेळी उलटं करायला जातो.

इंजिन हळूहळू वाढवलं. काटा चढतो, एका जागी फडफडतो आणि थबकतो. ती जागा हवी तो आकडा. ३० अंश तापमानाला १५.९ ते १६.५ यायला हवा. माझा १४.८ वर थबकला.

सोळा ऐकून घाबरायचं कारण नाही. हे विनालोड व्होल्टेज. बॅटरी जोडली की करंट त्याच गुंडाळीवरच्या जाड वेढ्यांतून जातो आणि व्होल्टेज आपोआप खाली ओढलं जातं. कुणीतरी पूर्वी सोळा बघून घाबरून, आजच्या गाड्यांच्या मापाने १४.८ करून ठेवलं असणार.

लॉकनट सैल, स्क्रू किंचित उजवीकडे, पुन्हा बघ. एका खेपेला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. गुंडाळी तापली की आकडा खोटा येतो. प्रत्येक खेपेनंतर इंजिन बंद करून थांबायचं. पाच खेपा, दीड तास. १६.१ वर लॉक केलं. झाकण लावलं.

वायरी जागेवर. बॅटरीवर आता १४.१.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

रात्री दिवे लावून फेरी. वेगात हेडलाइट चालू असताना १३.४. सिग्नलला थांबलं की लाल दिवा मिणमिणतो आणि १२.२. हा दोष नाही. डायनॅमो आयडलला काही देत नाही, ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपला स्वारगेट चौक नव्हता.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, झेंडूची माळ, आईने कुंकवाची बोटं बॉनेटवर ओढली. आधी बॉनेट उघडून आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने ‘+ बॉडीला’ लिहून घेतलं होतं. खाली बारीक अक्षरात: ‘डायनॅमो बाहेरून आला तर आधी फ्लॅश’. माझं अक्षर अण्णांच्या निम्म्यानेही चांगलं नाही.

आईला घेऊन खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर तीनदा सेल्फ मारून पाहिला, तीनदा पहिल्या झटक्यात.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी, रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.७. मार्चचीच बॅटरी.

काल वळताना एक कळलं: उजवा ट्रॅफिकेटर (वळण्याची खूण दाखवणारा छोटा हात) दाराच्या खांबातून टुणकन बाहेर येतो, डावा नुसताच गुरगुरतो आणि आतच राहतो. तिथेही रंग चिकटला असेल. पुढच्या शनिवारी खांबाची पट्टी काढून बघते.